म्येल्बीचा विजय आणि मालकीचा प्रश्न

स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावर, बाल्टिक समुद्रात शिरलेल्या एका छोट्या भूभागावर हेलेविक नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. त्याची वस्ती हजाराच्या आतली. शेजारचे म्येल्बी जरा मोठे, म्हणजे सुमारे १,४०० लोकांचे. हेलेविकमध्ये समुद्राच्या कडेला जे फुटबॉलचे मैदान आहे, त्यात सहा हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात. म्हणजे दोन्ही गावांतील आबालवृद्ध येऊन बसले, तरी निम्म्याहून अधिक मैदान रिकामे राहील. याच मैदानावर खेळणारा म्येल्बी हा क्लब १९३९ साली दोन लहान क्लबांच्या एकीकरणातून जन्माला आला. २० ऑक्टोबर २०२५ रोजी या क्लबाने गोथेनबर्ग या स्वीडनच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात जाऊन तेथील नामवंत संघाचा २-० असा पराभव केला आणि तीन सामने शिल्लक असतानाच देशाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगचे विजेतेपद आपल्या नावावर केले.

या घटनेला कोणी परीकथा म्हटले, कोणी चमत्कार म्हटले. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला ‘चमत्कार’ या शब्दाचे थोडे वावडे असते. कारण तो उच्चारला की चौकशी तेथेच थांबते. स्टॉकहोमचे तीन बलाढ्य संघ, गोथेनबर्गचे संघ आणि गेल्या दशकावर अधिराज्य गाजविणारा माल्मो या सर्वांना एका खेड्याचा संघ मागे टाकतो, तेव्हा त्याच्या पराक्रमाचे कौतुक करावेच. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा. अशी घटना कोणत्या व्यवस्थेत घडू शकते, आणि कोणत्या व्यवस्थेत ती घडणे जवळजवळ अशक्य असते? या प्रश्नाचे उत्तर मैदानावर जितके आहे, त्याहून अधिक मैदानाबाहेर आहे.

आधी मैदानावरील हिशेब पाहू. आल्सवेन्स्कान या नावाने ओळखली जाणारी ही लीग १९२४ पासून चालत आली आहे. तीत १६ संघ असतात, प्रत्येक संघ इतर सर्वांशी दोनदा खेळतो आणि कडक हिवाळा टाळण्यासाठी मोसम मार्चअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. शेवटी उपांत्य किंवा अंतिम सामना असा प्रकार नाही. ३० सामन्यांत जो अधिक गुण मिळवील तो विजेता. २०२५ च्या मोसमात म्येल्बीने २३ सामने जिंकले, ६ बरोबरीत सोडविले आणि एकच सामना गमावला. ७५ गुण हा ३० सामन्यांच्या मोसमातील विक्रम ठरला. दुसऱ्या क्रमांकावरील हम्मारबी ६२ गुणांवर, म्हणजे तब्बल १३ गुणांनी मागे राहिला. साऱ्या मोसमात म्येल्बीवर अवघे १८ गोल झाले. एखादा सामना दैवाच्या कृपेने जिंकता येतो. ३० पैकी २९ सामने न हरणे ही दैवाची कृपा नव्हे.

शिवाय हा संघ एका मोसमात आकाशातून पडलेला नाही. १९८० साली तो प्रथम सर्वोच्च लीगमध्ये आला, आणि पुढे वर-खाली होत राहिला. २०१४ व २०१५ या लागोपाठच्या दोन वर्षांत त्याची दोनदा घसरण झाली आणि तो तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. २०१६ साली तो चौथ्या श्रेणीत जाण्यापासून जेमतेम वाचला. त्या वेळी क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभा होता. तेथून २०१८ आणि २०१९ अशा सलग दोन बढत्या मिळवून तो २०२० मध्ये पुन्हा वरच्या लीगमध्ये आला. २०२४ मध्ये त्याचा क्रमांक पाचवा होता. याचा अर्थ असा की, ज्याला आपण एका वर्षाची परीकथा समजतो, ती वस्तुतः नऊ-दहा वर्षांच्या काटकसरीची, चिकाटीची आणि बऱ्याच कंटाळवाण्या कामाची कथा आहे.

या संघाचे प्रशिक्षक अँडर्स टोर्स्टेन्सन हे पूर्वी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि त्याआधी सैन्यात अधिकारी. त्यांचे सहायक कार्ल मारियस आक्सम हे नॉर्वेचे. खेळाडू चेंडू येण्यापूर्वी आजूबाजूला कसे आणि किती पाहतो, या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळविलेली आहे. मुख्याध्यापक आणि विद्यावाचस्पती यांनी मिळून लीग जिंकावी, ही गोष्ट आम्हा मास्तर मंडळींना गुदगुल्या करणारी खरी. परंतु तिचा आर्थिक अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. ज्याच्यापाशी पैसा कमी असतो, त्याने स्वस्त पण इतरांनी दुर्लक्षिलेले साधन शोधावे लागते. म्येल्बीने ज्ञान हे साधन शोधले. संघात आसपासच्या परिसरातील मुले, इतर क्लबांना नकोशी झालेली माणसे आणि दूरदेशीचे तरुण असे मिश्रण होते. पाकिस्तानच्या राष्ट्रीय संघातून खेळणारा अब्दुल्ला इक्बाल हा त्यांच्या बचावफळीतील एक खेळाडू. आपल्या उपखंडातील किती फुटबॉलप्रेमींना या गोष्टीची दखल होती, कोण जाणे!

गोलरक्षक नोएल टोर्नक्विस्ट याला इटलीतील कोमो या क्लबाने मोसमाच्या मध्यावरच विकत घेतले आणि उरलेल्या मोसमापुरते म्येल्बीलाच उसने दिले. कोमो हे एका रम्य सरोवराकाठचे लहान शहर. परंतु त्या क्लबाचे मालक इंडोनेशियातील एक अब्जाधीश घराणे आहे. लहान गावाच्या क्लबाचे भवितव्य आजच्या युरोपात किती निरनिराळ्या वाटांनी जाऊ शकते, याचा दाखला या एका व्यवहारात मिळतो. एका क्लबामागे हजारो मैलांवरील भांडवल उभे आहे. दुसऱ्याला आपला उत्तम गोलरक्षक विकून पुढच्या वर्षाची तोंडमिळवणी करायची आहे.

म्येल्बीची तुलना इंग्लंडच्या लेस्टर सिटीशी करण्याचा मोह अनेकांना झाला. २०१६ साली लेस्टरने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हाही जग असेच थक्क झाले होते. पण ही तुलना फसवी आहे. लेस्टर हे काही लाख वस्तीचे औद्योगिक शहर; आणि क्लबाचे मालक होते थायलंडमधील एक धनाढ्य उद्योगपती. तेथे लहान श्रीमंताने मोठ्या श्रीमंतांना हरविले. म्येल्बीच्या बाबतीत मालक कोण, असे विचारले तर उत्तर मिळते: सभासद.

तथापि विजयाच्या भरात काही गोष्टी वजा करायला हव्यात. २०२४ मध्ये पाचवा क्रमांक आल्याने म्येल्बीला २०२५ मध्ये युरोपीय स्पर्धांत खेळावे लागले नाही. आठवड्यातून एक सामना, मग विश्रांती आणि सराव. माल्मोची स्थिती उलट होती. उन्हाळ्यापासून तो युरोपीय पात्रता फेऱ्यांत गुंतला, चॅम्पियन्स लीगच्या वाटेवर डेन्मार्कच्या कोपनहेगनकडून दुसऱ्या सामन्यात ५-० असा चिरडला गेला, दुय्यम स्पर्धेत जाऊन पुन्हा खेळत राहिला आणि सप्टेंबरात त्याने आपल्या प्रशिक्षकालाच निरोप दिला. म्येल्बी धावत होता हे खरे; पण शर्यतीतला सर्वांत वेगवान घोडा त्या वर्षी लंगडत होता, हेही खरे. संख्याशास्त्राच्या प्राथमिक वर्गात आम्ही सांगतो की एका नोंदीवरून नियम बांधू नये. म्हणून या एका मोसमाकडे न पाहता थोडा लांबचा काळ पाहावा लागतो.

सभासदांचे एक्कावन्न टक्के

स्वीडनमधील फुटबॉल क्लब हे मुळात सभासदांच्या संस्था आहेत. वार्षिक वर्गणी भरणारा कोणीही सभासद होतो, वार्षिक सभेत प्रत्येकाला एक मत असते आणि कार्यकारी मंडळ ती सभा निवडते. महाराष्ट्रातील सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या रचनेचे गुण आणि तिची दुखणी यांपैकी काहीच समजावून सांगायला नको. १९९९ साली स्वीडनच्या क्रीडा महासंघाने क्लबांना आपला अव्वल संघ स्वतंत्र कंपनीच्या हाती देण्याची मुभा दिली. बाहेरचे भांडवल त्या कंपनीत येऊ शकेल, परंतु मतांचे बहुमत मूळ सभासद संस्थेकडेच राहिले पाहिजे, अशी अट घातली. हाच तो ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’.

ही अट काढून टाकावी, अशी मागणी पुढील वर्षांत जोर धरू लागली. युरोपात टिकायचे तर भांडवल हवे, आणि ज्याला कारभारात निर्णायक अधिकार नाही तो आपले भांडवल कशाला घालील, असा मागणी करणाऱ्यांचा सवाल होता. आणि तो पोरकट नव्हता. परंतु क्लबांच्या समर्थकांनी देशभर संघटित होऊन, आपापल्या क्लबांच्या वार्षिक सभांत ठराव करून घेऊन त्याला विरोध केला. २०१३ च्या महासंघाच्या अधिवेशनात नियम कायम राहिला. या लढ्याचे वैशिष्ट्य असे की तो मोर्च्यांपेक्षा सभांच्या कार्यवृत्तांत लढला गेला.

नियमाचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे २०१९ मध्ये दिसले. स्वीडनचा जगप्रसिद्ध खेळाडू झ्लाटान इब्राहिमोविच याने स्टॉकहोमच्या हम्मारबी क्लबाचे जवळजवळ एक चतुर्थांश भाग विकत घेतले. तो मूळचा माल्मोचा. तेथे नुकताच त्याचा पुतळा उभारला होता. संतापलेल्या माल्मोकरांनी त्या पुतळ्याची मोडतोड केली. त्या वेडेपणाचे समर्थन नको. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. एवढा पैसा आणि एवढी कीर्ती असलेल्या माणसालाही हम्मारबीचा ‘मालक’ होता आले नाही. तो भागधारक झाला. क्लबाचा धनी वार्षिक सभेत हात वर करणारा वर्गणीदारच राहिला.

पुढे २०२४ मध्ये पंचांच्या मदतीसाठी चित्रफीत पाहण्याची पद्धत आणावी की नाही, हा वाद झाला. युरोपातील बहुतेक सर्व नावाजलेल्या लीगनी ती स्वीकारली होती. स्वीडनमध्ये क्लबोक्लबी सभासदांनी विरोधी ठराव केले, बहुसंख्य अव्वल क्लब विरोधात गेले आणि राष्ट्रीय संघटनेने ती पद्धत आणणार नसल्याचे जाहीर केले. हा निर्णय शहाणपणाचा होता की हट्टाचा, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते त्यात थोडा हट्टही होता. परंतु प्रेक्षकाला ग्राहक न मानता सभासद मानले की तो काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे. नापसंत वस्तूपुढे ग्राहकापाशी एकच उपाय असतो, दुकान बदलणे. फुटबॉलचा चाहता मात्र दुकान बदलत नाही; जन्मभर एकाच संघाला चिकटून राहतो. अशा बांधील गिऱ्हाइकाच्या हाती मत नसेल, तर त्याला लुटणे फार सोपे असते.

येथे क्रीडा-अर्थशास्त्रातील एका जुन्या विचाराची आठवण होते. वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली असे दाखविले की खेळाचा धंदा इतर धंद्यांसारखा नाही. साबणाच्या कारखानदाराला सर्व प्रतिस्पर्धी बुडाले तर आनंदच होईल. पण खेळातील संघाला प्रतिस्पर्धी उरला नाही, तर विकायला मालच उरत नाही. निकाल अनिश्चित असणे हाच तो माल. म्हणून लीगमध्ये चुरस राखणे ही दुबळ्यांवर केलेली दया नसून धंद्याची गरज असते. या निकषावर स्वीडनचे पुस्तक बरेच चांगले आहे. २००१ ते २०२५ या २५ मोसमांत ११ वेगवेगळ्या क्लबांनी तेथे विजेतेपद मिळविले. प्रेक्षकही आले: अलीकडच्या वर्षांत सामन्यामागे सरासरी सुमारे ११ हजार. एक कोटीच्या थोड्या वर लोकसंख्या असलेल्या देशात, सर्वोत्तम खेळाडू विशी ओलांडताच परदेशी जात असताना, ही संख्या लहान नाही.

परंतु याच २५ वर्षांचे दोन भाग केले, तर चित्र इतके सुखद राहत नाही. त्याकडे वळण्यापूर्वी विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार तपासणे न्यायाचे होईल.

ब्रुसेल्सचा साक्षीदार

२०२५ याच वर्षी, मे महिन्यात, बेल्जियममध्ये युनियन सेंट-गिलोईस हा क्लब विजेता ठरला. त्याचे मागचे विजेतेपद १९३५ चे होते. म्हणजे ९० वर्षांचा वनवास. ब्रुसेल्सच्या एका उपनगरातील हा क्लब, जुने आणि छोटे मैदान, दीर्घकाळ खालच्या श्रेण्यांत खितपत पडलेला. २०१८ साली ब्रायटन या इंग्लिश क्लबाचे मालक टोनी ब्लूम यांनी तो घेतला. आकडेवारीच्या साह्याने खेळाडू हुडकणे, स्वस्तात घेणे, मोठ्या किमतीस विकणे हे त्यांचे तंत्र. २०२१ मध्ये क्लब वरच्या लीगमध्ये आला आणि चारच वर्षांत विजेता झाला. मग खासगी मालकीनेही लहान क्लब वर येतो, हे सिद्ध झाले नाही काय?

झाले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आकडेवारी व बुद्धी यांचा मक्ता कोणा एका मालकी पद्धतीकडे नाही. पण युनियनच्या कथेतील एक तपशील बोलका आहे. ब्रायटनही युरोपीय स्पर्धेस पात्र ठरला, तेव्हा एकाच व्यक्तीचे दोन क्लबांवर नियंत्रण नको या नियमामुळे ब्लूम यांना २०२३ मध्ये युनियनमधील आपला हिस्सा अल्पमतापर्यंत उतरवावा लागला. क्रिस्टल पॅलेस या क्लबाला याच कारणासाठी २०२५ मध्ये फटका बसला: त्याच्या एका भागधारकाचा फ्रान्समधील लिऑन क्लबातही मोठा हिस्सा असल्याने त्याला युरोपा लीगमधून खालच्या स्पर्धेत ढकलण्यात आले. खेळाडूंनी मैदानावर जिंकलेले भागधारकाच्या कागदपत्रांत हरपले. क्लब जेव्हा कोणाच्या गुंतवणूक-संचातील एक नग होतो, तेव्हा त्याचे बरेवाईट त्याच्या गावात ठरत नाही. मालक चांगला निघाला तर युनियनसारखे सुवर्णयुग येते. वाईट निघाला तर? प्रेक्षकांपाशी विचारण्यासाठी सभा नसते.

राहिला युरोपातील यशाचा मुद्दा. सभासदांच्या मालकीमुळे स्वीडनचे क्लब मागे पडतात, हे विधान शेजारी देशांकडे पाहिले की टिकत नाही. डेन्मार्कमध्ये असा नियम नाही. कोपनहेगनची कंपनी तर शेअर बाजारात नोंदलेली आहे, आणि तो क्लब २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत पोहोचला. ठीक. पण नॉर्वेमध्ये क्लब सभासदांचेच आहेत, आणि उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडील, पन्नास-पंचावन्न हजार वस्तीच्या बोदो गावचा ग्लिम्ट हा क्लब मे २०२५ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत खेळला. नॉर्वेच्या कोणत्याही क्लबाला हे पूर्वी साधले नव्हते. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीचे दारही त्याने उघडले. एकाच फेरीत एक कंपनीचा क्लब आणि एक सभासदांचा क्लब. तेव्हा मालकीच्या प्रकारावरून युरोपातील यशापयशाचा निकाल लावता येत नाही, एवढेच निष्पन्न होते. स्वीडनच्या भांडवलवाद्यांनी गेली वीस वर्षे जो युक्तिवाद केला, त्याचा पाया त्यामुळे बराच खचला आहे.

बक्षिसातला धोका

याचा अर्थ सारे आलबेल आहे, असा मात्र नाही. नियमाच्या समर्थकांना जो धोका दिसत नाही, किंवा पाहायचा नसतो, तो बाहेरून येणाऱ्या मालकात नसून बाहेरून येणाऱ्या बक्षिसात आहे.

चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत नुसता प्रवेश मिळाला, तरी क्लबाला २०२४-२५ पासून १ कोटी ८६ लाख युरो मिळतात. एक विजय मिळविला तर आणखी २१ लाख. तिसऱ्या दर्जाच्या कॉन्फरन्स लीगच्या प्रवेशाचे मोल त्याच्या सहाव्या भागाच्या आसपास, ३१ लाख ७० हजार युरो. इंग्लंड-स्पेनमधील धनाढ्य क्लबांच्या दृष्टीने हे आकडे किरकोळ. परंतु लहान देशाच्या लीगमध्ये ही रक्कम एका क्लबाच्या खिशात पडली, की तराजूचे पारडे एकदम जमिनीला टेकते. माल्मो २०१४, २०१५ आणि २०२१ या वर्षी त्या फेरीत खेळला. आता वर केलेली वजाबाकी पुरी करू: २०१३ ते २०२४ या १२ मोसमांत स्वीडनमध्ये ८ वेळा एकटा माल्मोच विजेता झाला. त्याआधीच्या १२ मोसमांत, २००१ ते २०१२ पर्यंत, आठ वेगवेगळे विजेते होते आणि कोणालाच दोनाहून अधिक विजेतेपदे मिळाली नव्हती, अपवाद एकट्या युरगॉर्डनचा, आणि तीही तीनच. नियम दोन्ही काळांत तोच होता. मालकी बदलली नव्हती. बदलले होते ते बक्षिसाचे वजन. नॉर्वेतही तेच घडले: ग्लिम्टने २०२० ते २०२४ या पाच मोसमांत चार विजेतेपदे घेतली. २०२५ मध्ये व्हायकिंग या क्लबाने १९९१ नंतर प्रथमच लीग जिंकून ती मालिका तोडली, पण एका गुणाच्या फरकाने.

हे दुष्टचक्र समजण्यास सोपे आहे. विजेत्याला युरोपात जाण्याची संधी, युरोपातून पैसा, पैशातून चांगले खेळाडू, चांगल्या खेळाडूंमुळे पुन्हा विजेतेपद. यात कोणाचाही दोष नाही, कोणी लबाडी केलेली नाही. सभासदांनी निवडलेले मंडळही हेच करील. किंबहुना न केले तर पुढच्या सभेत त्याला जाब विचारला जाईल. सभासद आपल्या क्लबाचे हित पाहतात. लीगचे हित पाहणारी सभा कोठे आहे?

आणि म्हणूनच म्येल्बीच्या विजयाचा खरा पेच आता सुरू होतो. या विजेतेपदाने त्याला २०२६-२७ च्या चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेऱ्यांत जागा मिळवून दिली. त्या फेऱ्या पार करणे अतिशय कठीण. बहुधा निराशाच पदरी यावी, असा इतिहास सांगतो. समजा ती आली नाही, आणि क्लब मुख्य फेरीत पोहोचला. मग १,४०० वस्तीच्या गावावर एका हंगामात एवढी रक्कम येऊन कोसळेल की त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी कित्येक वर्षे काटकसर केली तरी तिची बरोबरी होणार नाही. ज्या उघड्या दारातून म्येल्बी आत आला, ते दार त्याच्याच यशाने पुढच्या खेड्यासाठी लोटले जाईल. असे झाले नाही, तर उत्तम खेळाडू एकेक करून निघून जातील आणि पुन्हा मधल्या क्रमांकांवरचे जिणे सुरू होईल. पहिल्या शक्यतेत लीगचे नुकसान, दुसऱ्या शक्यतेत गावाचे. तिसरी शक्यता मला तरी सहज दिसत नाही.

याच मोसमाच्या दुसऱ्या टोकाला जे घडले त्याची वृत्तपत्रांत फारशी वाच्यता झाली नाही. नॉरशेपिंग हे लाखाहून अधिक वस्तीचे जुने गिरणगाव. तेथील क्लब २०१५ चा विजेता. २०२५ मध्ये तो तळाकडे घसरला, आणि आपले स्थान टिकविण्यासाठी खेळलेल्या निर्णायक लढतीत खालच्या श्रेणीतून आलेल्या ओर्ग्रूटेकडून हरून लीगबाहेर गेला. प्रेक्षकांच्या दंग्यामुळे त्या लढतीत खेळ थांबवावा लागला. सभासदशाहीचे गोडवे गाताना हाही प्रसंग स्मरणात असावा. सभासद म्हटला की तो सुज्ञच असतो, असे नव्हे. पण यातही स्वीडनच्या लीगचा एक गुण दिसतो. दहा वर्षांपूर्वीचा विजेता खाली जाऊ शकतो, दहा वर्षांपूर्वी तिसऱ्या श्रेणीत धापा टाकणारा विजेता होऊ शकतो. युरोपातील मोठ्या क्लबांनी २०२१ च्या एप्रिलमध्ये जी बंदिस्त ‘सुपर लीग’ काढण्याचा घाट घातला होता, तिच्या संस्थापकांना नेमकी हीच शक्यता कायमची मिटवायची होती. प्रेक्षकांच्या उठावाने तो बेत दोन-तीन दिवसांत कोसळला.

बंदिस्त लीग उघडपणे आणता आली नाही. पण पैशाच्या वाटणीतून ती हळूहळू आणता येते. युरोपीय संघटना आपल्या क्लब स्पर्धांच्या उत्पन्नातील ७ टक्के भाग त्या स्पर्धांत न खेळणाऱ्या क्लबांना देते. पूर्वी तो ४ टक्के होता. वाढ झाली हे मान्य. वार्षिक उत्पन्नाचा अंदाज ४४० कोटी युरोचा धरला तर हा वाटा सुमारे ३१ कोटी होतो, आणि तो साऱ्या खंडातील देशांत आणि त्यांच्या शेकडो क्लबांत विभागायचा. एका बाजूला एका क्लबाला एका प्रवेशासाठी मिळणारे १ कोटी ८६ लाख. दुसऱ्या बाजूला शेकडोंसाठी मिळून ३१ कोटी. देशांतर्गत लीगमधील तोल सांभाळायचा असेल, तर विजेत्याच्या युरोपीय मिळकतीचा काही निश्चित हिस्सा त्याच्या स्वतःच्या लीगमध्ये वाटला जावा, ही कल्पना विचारात घेण्यासारखी आहे. म्येल्बीने ती मांडली तर तिला निराळेच वजन येईल. कारण गमावण्यासारखे त्याच्यापाशीच सर्वांत अधिक असेल. माल्मोने ती आजवर मांडली नाही, आणि का मांडावी, असे माल्मोच्या सभासदाने विचारले तर त्याला तरी काय उत्तर देणार?

सध्याची वाटणी २०२७ पर्यंतच्या मोसमांसाठी ठरलेली आहे. त्यापुढची वाटणी युरोपीय संघटना आणि मोठ्या क्लबांची संघटना यांच्या बोलण्यांत ठरावयाची. त्या मेजावर वजन असते ते ज्यांचे सामने जगभर दूरचित्रवाणीवर विकले जातात त्यांचे. स्टॉकहोमचा आवाजही तेथे क्षीणच, मग हेलेविकचा कुठला ऐकू येणार? हेलेविकच्या वार्षिक सभेला आपल्या क्लबाचे अंदाजपत्रक मंजूर करता येते, मंडळ बदलता येते, उद्या एखादा धनिक दारात उभा राहिला तर त्याला नम्रपणे परत पाठविता येते. ही ७ टक्क्यांची ओळ मात्र तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधीच येत नाही.